शिष्य आधी, गुरू नंतर

ग्रॅमीच्या जीवनगौरव पुरस्काराची यादी मी वर्षांच्या क्रमाने वाचत नाही. कोणी कोणाची रेकॉर्ड ऐकून गाणं उचललं, त्या क्रमाने वाचते. तशी वाचली की ती उलटी असल्याचं दिसतं. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडला हा मान १९८६ साली मिळाला. ज्यांच्या १९५० सालच्या गाण्यावरून त्यांनी आपलं नावच घेतलं, त्या मडी वॉटर्सना तो १९९२ साली मिळाला, तेव्हा त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. आणि ज्याच्या तबकड्या ऐकून मडी वॉटर्स घडले, तो १९३८ साली ऐन सत्ताविशीत गेलेला रॉबर्ट जॉन्सन या यादीत आला २००६ साली. नातू आधी, मग मुलगा, मग आजोबा.

अमेरिकेतली रेकॉर्डिंग अकादमी १९५७ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले ग्रॅमी पुरस्कार १९५९ साली दिले गेले. वर्षभरात निघालेल्या रेकॉर्डींवर सभासदांनी मतं द्यायची, अशी ती स्पर्धा. जीवनगौरवाचं तसं नाही. तो अकादमीचे विश्वस्त ठरवतात, त्यासाठी कुठली नवी रेकॉर्ड लागत नाही, कलावंत हयात असण्याचीही अट नाही. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात आयुष्यभर केलेलं मोलाचं काम, एवढाच निकष. पहिला मान १९६३ साली गायक बिंग क्रॉस्बी यांना मिळाला आणि काही वर्षं पुरस्कारालाही त्यांचंच नाव होतं. १९७१ साली तो एल्व्हिस प्रेस्लीला दिला तेव्हा त्याचं वय होतं अवघं ३६. एवढ्या लवकर कुणाचं ‘जीवन’ मोजून झालं असं मला वाटत नाही, पण द्यावासा वाटला आणि देता आला, हेही खरंच.

आपल्याकडच्या वाचकांना हा पुरस्कार आठवतो तो पंडित रविशंकरांमुळे. ११ डिसेंबर २०१२ रोजी ते कॅलिफोर्नियात गेले आणि त्याच आठवड्यात त्यांचं नाव जाहीर झालं. पुढच्या फेब्रुवारीत अनुष्का शंकर आणि नोरा जोन्स या त्यांच्या दोन्ही मुलींनी तो स्वीकारला. त्यांना हयातीत स्पर्धेतले ग्रॅमीही मिळाले होते, त्यामुळे अकादमीला त्यांची ओळख उशिरा पटली असं कुणी म्हणणार नाही. मला आज लिहायचं आहे ते ज्यांच्या वाट्याला काही आठवड्यांचा नाही, तर अर्ध्या शतकाचा उशीर आला अशा एका गायिकेबद्दल. तिचं नाव बेसी स्मिथ.

बेसी टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावची. आईवडील लहानपणीच गेले. भाऊ गिटार वाजवायचा आणि ही रस्त्यावर गायची, नाचायची, समोर पडतील ती नाणी गोळा करायची. १९१२ साली ती एका फिरत्या कंपनीत शिरली. त्याच कंपनीत मा रेनी होती, वयाने मोठी, आधीच नावारूपाला आलेली. मा रेनीने बेसीला गाणं शिकवलं की नाही यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. रोज रात्री एका विंगेत उभं राहून दुसरीचं गाणं ऐकायचं, प्रेक्षक कुठे हलतो आणि कुठे गप्प होतो ते बघायचं, याला आपण तालीमच म्हणू.

१९२३ च्या फेब्रुवारीत तिने न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीसाठी ‘डाउनहार्टेड ब्लूज’ गायलं. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेली, सुखदुःख सांगणारी गाणी. त्याआधी ‘ब्लॅक स्वान’ या कंपनीने तिला परत पाठवलं होतं. ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची कंपनी, पण तिलाही बेसीचा आवाज फार रांगडा वाटला. कोलंबियाची ती तबकडी लाखांनी खपली. करारात तबकडीच्या दर स्वीकृत बाजूला १२५ डॉलर असं ठरलं होतं. रॉयल्टी नव्हती. पुढच्या आठेक वर्षांत तिने कोलंबियासाठी सुमारे १६० गाणी दिली आणि त्यांतल्या एकाही गाण्याच्या खपाशी तिच्या कमाईचा संबंध नव्हता. पैसा तिने मिळवला तो दौऱ्यांवर, तंबूत आणि थिएटरात. त्या काळातली सर्वांत जास्त बिदागी घेणारी कृष्णवर्णीय कलावंत ती होती, असं म्हटलं जातं. दक्षिणेतल्या हॉटेलांत तिला आणि तिच्या मंडळींना कुणी उतरू देत नसे, म्हणून तिने स्वतःचा रेल्वेचा डबाच घेतला. कंपनी त्यातच राहायची, त्यातच स्वयंपाक करायची आणि गावोगाव जायची.

तिचं गाणं मला भेटलं ते १४ जानेवारी १९२५ च्या ‘सेंट लुई ब्लूज’मधून. तेव्हा अजून विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं नव्हतं. भल्यामोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून गायचं, आणि आवाजाच्या जोराने सुई मेणावर चर पाडणार. या मुद्रणात तीनच माणसं आहेत. बेसी, कॉर्नेट या छोट्या ट्रम्पेटसारख्या वाद्यावर तेव्हा तेवीस वर्षांचा असलेला लुई आर्मस्ट्राँग आणि हार्मोनियमवर फ्रेड लाँगशॉ. हो, हार्मोनियम. गाणं सुरू होतं तेव्हा पहिल्यांदा तिचाच भरलेला सूर कानावर येतो, आणि पेटीच्या संगतीत वाढलेल्या माझ्या कानाला न्यूयॉर्कमधली शंभर वर्षांपूर्वीची ती खोली एकदम ओळखीची वाटली. बेसी एक ओळ गाते आणि श्वास घेते. त्या मोकळ्या जागेत आर्मस्ट्राँग तिच्या ओळीचं शेवटचं टोक उचलून थोडं पुढे नेतो आणि परत तिच्या हातात देतो. चांगला साथीदार ठुमरीत करतो, अगदी तेच. ती लय मागे ओढते. ‘सूर्य मावळताना मला बघवत नाही’ अशा अर्थाची ती पहिली ओळ, तिच्यातला एकेक शब्द ती इतका उशिरा सोडते की तो येईल की नाही याची धास्ती वाटते. दुःख सांगताना ती रडत नाही. अशी ठणठणीत, उभी राहून सांगितलेली वेदना मी फार थोड्या आवाजांत ऐकली आहे.

हा आवाज तबकड्यांवरून कुठेकुठे गेला, ते बघण्यासारखं आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये महेलिया जॅक्सन नावाची मुलगी कडक शिस्तीच्या मावशीकडे वाढत होती. घरात देवाच्या गाण्यांखेरीज दुसरं काही चालत नसे. मावशी बाहेर गेली की ती मावसभावाने आणलेल्या बेसीच्या तबकड्या लावायची. पुढे महेलिया गॉस्पेलची, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांची, सम्राज्ञी झाली, ब्लूज तिने आयुष्यात गायले नाहीत, पण तो भरदार, पोटातून उठणारा आवाज कुठून आला हे ती लपवत नसे. बाल्टिमोरमध्ये दुसरी एक मुलगी होती, बिली हॉलिडे. वेश्यावस्तीतल्या एका घरी ती पडेल ती कामं करायची. त्या घरच्या दिवाणखान्यात ग्रामोफोन होता. मजुरीचे पैसे नकोत, तेवढा बेसीचा आणि लुईचा आवाज ऐकू द्या, असं ती म्हणायची, हे तिने आत्मचरित्रात सांगितलं आहे.

शिष्येने गुरूला कधी पाहिलेलंसुद्धा नाही आणि गुरूला शिष्या आहे हेच माहीत नाही. तबकडीने जगात आणलेली ही नवी परंपरा. आपल्याकडेही ती त्याच काळात आली. गदगच्या लहानग्या भीमसेनने एका दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही तबकडी ऐकली, आणि असं गायला यायला हवं म्हणून १९३३ साली तो घरातून निघून गेला. त्याला शिकवलं खाँसाहेबांच्या शिष्याने, सवाई गंधर्वांनी. पण घराबाहेर काढलं ते रेकॉर्डने.

१९३३ हे साल बेसीच्या गोष्टीतही आहे. तोवर मंदीने रेकॉर्डींचा धंदा बसला होता, कोलंबियाने तिला १९३१ मध्येच सोडलं होतं. जॉन हॅमंड नावाच्या तरुण, पैसेवाल्या घरातल्या रसिकाने तिला पुन्हा स्टुडिओत आणलं. २४ नोव्हेंबर १९३३ रोजी ती चार गाणी गायली. दर गाण्याला ३७.५० डॉलर, रॉयल्टी याही वेळी नाही. तिचं हे शेवटचं ध्वनिमुद्रण ठरलं. आणि तीनच दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, त्याच हॅमंडने न्यूयॉर्कमध्ये अठरा वर्षांच्या एका मुलीला तिचं पहिलं गाणं रेकॉर्ड करायला उभं केलं. ती बिली हॉलिडे. दोन्ही बैठकींत बेनी गुडमनची क्लॅरिनेट होती. ही तारीख मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसले. त्या आठवड्यात एक आवाज दुसऱ्याच्या हवाली होत होता, आणि हे त्या स्टुडिओतल्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

२६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे मिसिसिपीतल्या हायवे ६१ वर बेसीची मोटार एका ट्रकवर आदळली. क्लार्क्सडेल गावातल्या कृष्णवर्णीयांच्या इस्पितळात त्या सकाळी तिने प्राण सोडला. गोऱ्यांच्या इस्पितळाने तिला दाराबाहेर ठेवलं म्हणून ती गेली, ही कथा पुढे फार पसरली. अभ्यासकांनी ती खोटी ठरवली आहे. पण ती इतक्या लोकांना खरी वाटली, यातच त्या मुलखाचं वास्तव आहे. फिलाडेल्फियातल्या अंत्ययात्रेला हजारो माणसं लोटली. आणि मग शेरॉन हिलच्या माउंट लॉन दफनभूमीत तिच्या थडग्यावर दगडच बसला नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, १९७० पर्यंत. तेहेतीस वर्षं.

त्याच साली, एका महिन्याच्या अंतराने, २७ ऑक्टोबर १९३७ रोजी अब्दुल करीम खाँसाहेब दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्थानकावर गेले. त्यांना मिरजेच्या ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तिथे उरुसाला दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. नावाजलेले गवय्ये येतात आणि आपली हजेरी लावून जातात. खाँसाहेबांना कुठल्या अकादमीने गौरवलं हे मिरजेत कुणी विचारत नाही, विचारायची गरजही नाही. मी बेसीच्या त्या बिनदगडाच्या थडग्याबद्दल वाचलं तेव्हा मला सारखी मिरज आठवत होती. दोघांच्या मोलात मला फरक वाटत नाही. फरक एवढाच, की इथे त्यांच्यामागे शिष्यांचा गोतावळा होता, एकमेकांना ओळखणारा, दरवर्षी एका जागी जमणारा. बेसीचे शिष्य तबकड्यांवर वाढलेले, देशभर विखुरलेले, आणि आपण कुणाच्या घराण्यातले याची नोंद ठेवणारं तिथे कुणी नव्हतं.

१९७० साली फिलाडेल्फियातल्या एका वर्तमानपत्राकडे एका वाचकाचं पत्र आलं. बेसी स्मिथच्या कबरीवर साधा दगडही नाही, काही करता येईल का? वर्तमानपत्राने फोन केले. दोघीजणी पुढे आल्या आणि दगडाचा खर्च त्यांनी वाटून घेतला. एक जॅनिस जॉप्लिन, टेक्सासची गोरी मुलगी, सत्तावीस वर्षांची, रॉकमधलं त्या घडीचं सर्वांत धगधगतं नाव. बेसीच्या तबकड्या ऐकत आपण गायला शिकलो, हे ती उघडपणे सांगायची. दुसऱ्या ह्वानिटा ग्रीन. या गायिका नव्हत्या. लहानपणी त्या बेसीच्या घरी फरशी पुसायचं काम करत असत. पुढे शिकून परिचारिका झाल्या, फिलाडेल्फियात कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीत पुढारपण केलं.

७ ऑगस्ट १९७० रोजी दगड बसला. त्यावर कोरलं आहे, ‘जगातली सर्वांत थोर ब्लूज गायिका गायची कधीच थांबणार नाही.’ त्यानंतर दोन महिने उलटायच्या आत, ४ ऑक्टोबरला, जॅनिस गेली.

सन्मान म्हणजे काय, असा प्रश्न पडला की मला या दोघी आठवतात. जॅनिसने आपण काय घेतलं आणि कुणाकडून घेतलं हे ओळखलं आणि पैसे दिले. ग्रीनबाईंनी तर गाण्यातलं काहीच घेतलं नव्हतं. त्यांना ती बाई आठवत होती, एवढंच.

आता अकादमीकडे वळते. त्याच सुमारास, कोलंबियाने बेसीची सगळी गाणी नव्याने काढायला घेतली. काम मोठं होतं आणि फार मनापासून केलेलं होतं, यात शंका नाही. १९७१ साली त्या संचाच्या पहिल्या अल्बमवरच्या लेखनासाठी क्रिस अल्बर्टसन यांना ग्रॅमी मिळाला. पुनर्प्रकाशनासाठी जॉन हॅमंड यांचा विश्वस्तांच्या खास पुरस्काराने गौरव झाला. १९७२ साली आर्मस्ट्राँगना मरणोत्तर जीवनगौरव मिळाला आणि त्याच वर्षी महेलियालाही, तिला जाऊन तेव्हा जेमतेम काही आठवडे झाले होते. १९८७ साली बिली हॉलिडे. आणि बेसीला १९८९ साली.

म्हणजे तिच्यावर लिहिणाऱ्याला आधी मिळाला, तिची गाणी पुन्हा छापणाऱ्याला आधी मिळाला, तिच्या साथीदाराला आधी, चोरून ऐकणाऱ्या एका मुलीला आधी, मजुरीच्या बदल्यात ऐकणाऱ्या दुसरीला आधी. यांतला एकही मान चुकीचा नव्हता. अल्बर्टसन यांनी तर पुढे बेसीचं चरित्र लिहून तिच्याभोवतीच्या कितीतरी दंतकथा निस्तरल्या. मला टोचतो तो क्रम. वाटेवरचे सगळे दिसले आणि वाट जिथून निघाली ती जागा सर्वांत शेवटी दिसली. आणि त्याही आधीची जागा तर अजून उशिरा. मा रेनीला हा पुरस्कार मिळाला २०२३ साली. ती गेली होती १९३९ मध्ये. चौऱ्याऐंशी वर्षं.

असं का होतं, याचं एक कारण सरळ आहे. विश्वस्तही माणसंच, आणि माणूस आधी गौरव करतो तो आपल्या तरुणपणी कानावर पडलेल्या आवाजांचा. १९६०-७० च्या दशकातल्या विश्वस्तांच्या घरी क्रॉस्बी, सिनात्रा, एलिंग्टन वाजले होते. बेसीच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठीच्या रेकॉर्डी, म्हणून वेगळ्या यादीत, वेगळ्या दुकानांत विकल्या जात. त्या तबकड्या कुठल्या वस्तीत पोचायच्या हे कंपन्यांनी १९२३ मध्येच ठरवलं होतं, आणि त्या फाळणीचा हिशेब पुढे पन्नास-साठ वर्षं पुरस्कारांच्या याद्यांमध्ये दिसत राहिला.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रभाव मागूनच कळतो. १९३७ मध्ये बेसी गेली तेव्हा जॅनिस जन्मालाही आली नव्हती. महेलियाचं नाव व्हायचं होतं. बेसीच्या श्वासातून किती जणी गाणार आहेत, हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नसतं. म्हणून असा मान उशिरा मिळणार हे मला मान्य आहे. मान्य नाही ते एवढंच, की शिष्येच्या गळ्यात हार घालताना तिला कुणी विचारत नाही, ‘तू कुणाचं ऐकून शिकलीस?’ महेलियाला ती हयात असताना कुणी विचारलं असतं, तर १९७२ च्या आधीच उत्तर मिळालं असतं.

या पुरस्काराचा उपयोग काय, असंही लोक विचारतात. गेलेल्या माणसाला सन्मानचिन्ह कशाला? मला वाटतं, उपयोग आहे. १९८९ मध्ये बेसीचं नाव रॉक अँड रोलच्या सन्मान-दालनातही गेलं, १९९४ मध्ये तिच्या चित्राचं टपाल तिकीट निघालं, तिच्या काही तबकड्या ग्रॅमीच्याच हॉल ऑफ फेममध्ये घेतल्या गेल्या. प्रत्येक वेळी कुणीतरी तिचं नाव पहिल्यांदा वाचतं आणि गाणं शोधतं. मीही तशाच एका यादीतून तिच्यापर्यंत पोचले. पण पुरस्कार देऊन संस्थेचं काम संपलं असं मी मानणार नाही. ज्या कलावंतांनी एकरकमी पैशांवर आयुष्यभराची गाणी दिली, त्यांच्या वारसांना त्या गाण्यांतून आज काय मिळतं, हाही प्रश्न गौरवपत्राच्या सोबत विचारला गेला पाहिजे. ३७.५० डॉलर हा आकडा त्या गौरवपत्रात असायला हवा होता.

आणि जे हयात आहेत त्यांना आज द्या. पंच्याऐंशी वर्षांचा एखादा वादक, एखादी गायिका, जिच्या रेकॉर्डींवर दोन पिढ्या शिकल्या, ती समोर बसून टाळ्या ऐकू शकते तोवर. हे मी ग्रॅमीपुरतं म्हणत नाही.

बेसी ऐकायची असेल तर सुरुवात १९२५ च्या ‘सेंट लुई ब्लूज’ने करा, हेडफोन लावून, कारण खरखर बरीच आहे आणि हार्मोनियम तिच्याखाली दबलेली असते. मग १९३३ ची शेवटची चार गाणी ऐका. तोवर मायक्रोफोन आलेला आहे, साथीला स्विंग या जॅझमधल्या नाचऱ्या शैलीच्या नव्या जमान्याचे तरुण वादक आहेत, आणि मंदीने, दारूने, दौऱ्यांनी घासलेला तिचा आवाज त्या सगळ्यांच्या पुढे उभा आहे, मजेत, जरासा घोगरा, कुणाचीही भीड न ठेवणारा. त्यानंतर लगेच बिलीचं तीन दिवसांनंतरचं पहिलं गाणं लावा. गाणं हलकंफुलकं आहे, गाणारी बावरलेली आहे, पट्टीही तिला वरची वाटते आहे. पण शब्द किंचित मागे ठेवायची ती खोड तिच्यात आहे, आणि ती कुठून आली हे तुम्ही आत्ताच ऐकलेलं असेल. मा रेनीला सर्वांत शेवटी ठेवा. तिच्या पॅरामाउंटच्या तबकड्या फार वाईट प्रतीच्या होत्या, आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो. दोन-तीनदा ऐकल्यावर कान सरावतो, आणि मग बेसीच्या आवाजातल्या कितीतरी जागा तिथे आधीच होत्या हे कळायला लागतं.